कॅरेक्टर टोकाचं करा आणि त्याच्या तोंडातलं वाक्य काढून घ्या

कोणाचंही स्क्रिप्ट वाचायला आलं की मी आधी मधलंच कुठलं तरी पान उघडते आणि डायलॉगच्या वरची नावं हाताने झाकून नुसती वाक्यं वाचते. बहुतेक वेळा कोण बोलतंय ते कळतच नाही. बाप, मुलगी, हवालदार, भाजीवाली सगळे एकाच माणसासारखे बोलतात आणि तो माणूस म्हणजे लेखक असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सगळे मनातलं सरळ बोलून मोकळे होतात, "मला तुझी खूप आठवण येते", "तुम्ही मला कधी समजूनच घेतलं नाही", वगैरे. आपल्या घरांमध्ये असं कोण बोलतं हो? आमच्याकडे तर आठवण आली की "मागच्या वेळचा डबा परत आणला नाहीस" असं म्हणतात.

लोक हे दोन वेगळे प्रॉब्लेम समजतात. कॅरेक्टर फिकं वाटतंय म्हणून त्याला काहीतरी विचित्र सवय चिकटवतात आणि डायलॉग फार उघडे वाटतायत म्हणून वाक्यं तोडून तीन टिंबं टाकतात. माझं म्हणणं असं की प्रॉब्लेम एकच आहे. माणसाचा जो स्वभाव टोकाला गेलेला असतो ना, तोच ठरवतो की त्याला कुठलं वाक्य कधीच बोलता येणार नाही. ते न बोललं गेलेलं वाक्य म्हणजे सबटेक्स्ट. म्हणजे टोक नीट सापडलं तर सबटेक्स्टसाठी वेगळी मेहनत फार करावी लागत नाही, आणि टोक सापडलं नसेल तर कितीही टिंबं टाका, काही होत नाही. हे मला कळायला बरीच वर्षं लागली म्हणून इथे जरा सविस्तर लिहितेय.

विशेषण नको, क्रियापद शोधा

कॅरेक्टर लिहायला बसलं की वय, शिक्षण, गाव, आवडता रंग, लहानपणीची जखम असा बायोडेटा भरायची सवय असते. भरा, वाईट काही नाही, पण त्यातून सीन निघत नाही. "हट्टी", "प्रामाणिक", "रागीट" यातूनही निघत नाही, कारण कॅमेरा विशेषण टिपू शकत नाही, माणूस काय करतोय तेवढंच टिपतो. म्हणून स्वतःला प्रश्न विचारायचा की हा माणूस काय केल्याशिवाय राहूच शकत नाही? समोर आग लागली, लग्न लागलं, मयत झाली तरी तो काय करणार म्हणजे करणारच?

माझ्या एका एकांकिकेतलं उदाहरण घेते, शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. कोल्हापूरकडचा रिटायर्ड एसटी कंडक्टर, आण्णा. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं "अत्यंत प्रामाणिक आणि काटेकोर". यावर काय सीन लिहिणार? मग बदललं, "पैशाचा हिशोब लागल्याशिवाय हा माणूस जागचा हलत नाही". लगेच गोष्टी सुचायला लागल्या. ड्युटी संपली की वे-बिलाशी, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी, रोकड जुळेपर्यंत डेपोतून बाहेर पडायचा नाही, आठ आणे जास्त आले तरी अस्वस्थ, कोणाचे सुट्टे द्यायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी त्याच स्टॉपवर त्या माणसाला शोधणार. रिटायर झाल्यावर ती गाडी सुटली पण हिशोब सुटला नाही, आता घरातल्या प्रत्येक रुपयाची वही आहे.

तरीही हे अजून टोक नाही, ही फक्त शिस्त झाली, अशी माणसं प्रत्येक आळीत दोन असतात. टोक कुठे येतं? जिथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता आणि हा थांबत नाही तिथे. तर सीन असा, आण्णाच्या गाडीत त्याची बहीण आणि भाचा चढतात. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट असतं. बहीण सहज म्हणते एक फुल एक हाफ. आण्णा दोन फुल फाडतो, कारण भाच्याला मागच्याच आठवड्यात बारा पूर्ण झालीत आणि हे त्याला पक्कं माहीत आहे कारण त्या वाढदिवसाचा शिरा तो स्वतः खाऊन आलाय. गाडीतले लोक हसतात, बहीण खिडकीबाहेर बघते. हा सीन लिहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस मला दिसला.

लक्षात घ्या, सीन विनोदी आहे आणि बहिणीसाठी अपमानाचा पण आहे. टोकाचा स्वभाव असाच दोन्हीकडून कापणारा लागतो. नुसता गंमतीचा असला तर ते नग होतं, नुसता त्रासाचा असला तर व्हिलन होतो.

बिल कोण भरतंय ते दाखवा

सवय आणि टोक यातला फरक इथेच आहे. मी काही वर्षं एका डेली सिरीयलसाठी डायलॉग लिहायचे, तिथे मीटिंगमध्ये ठरलं की सासऱ्याच्या कॅरेक्टरला "काहीतरी वेगळं" द्या, म्हणून त्याला प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसायची सवय दिली आणि एक तकिया कलाम दिला. महिनाभर ते चाललं, नटाने जीव ओतून केलं, पण त्या चष्म्यामुळे एकही सीन घडला नाही, कोणाचं काही बिघडलं नाही, कोणी रडलं नाही. सवयीची किंमत शून्य होती. मला त्या नटाबद्दल आजही वाईट वाटतं, त्याला धरायला आम्ही काहीच दिलं नव्हतं.

किंमत म्हणजे काय ते बघायचं असेल तर कल्पनेत जायची गरज नाही, दादासाहेब फाळक्यांकडे बघा. ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक सिनेमा मुंबईत बघितला आणि आपले देव असेच पडद्यावर आणायचे म्हणून माणूस पेटला. रात्रंदिवस त्याच नादात, डोळे इतके ताणले की काही काळ दृष्टी गेली, तरी थांबले नाहीत. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला जाऊन आले, कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा लावून रोप उगवतानाची एकेक फ्रेम टिपत बसले कारण पैसेवाल्याला पटवायचं होतं. पण लेखक म्हणून माझं लक्ष सरस्वतीबाईंकडे जातं. दागिने त्यांचे गेले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांनी केला, आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम पण त्यांनीच केलं. 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या कामाला एकही बाई तयार होईना तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला ते काम दिलं. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये सिनेमा लागला. ही हकीकत सगळ्यांना पाठ आहे, पण तुम्ही ती सीन म्हणून बघा. फाळक्यांचं टोक कुठे जास्त दिसतं, त्यांच्या भाषणात की त्या अंधारात फिल्मला भोकं पाडणाऱ्या बाईच्या बोटांत? मला विचाराल तर बोटांत. एकाचा ध्यास किती टोकाचा आहे ते त्याच्या घरातलं दुसरं माणूस काय करतंय यावरून कळतं.

म्हणून माझी पद्धत अशी की प्रत्येक मुख्य कॅरेक्टरच्या टोकाचे तीन सीन वहीत लिहायचे, एक जिथे त्या स्वभावाचा फायदा होतो, एक जिथे लोक हसतात, आणि एक जिथे त्याचं स्वतःचं माणूस दुखावतं. तिसरा सुचत नसेल तर तुम्ही टोकापर्यंत गेलाच नाहीत. आण्णाचा तिसरा सीन मुलीबरोबरचा आहे. सुमनने घरात न सांगता लग्न केलं आणि पुण्याला गेली, जाताना कपाटातले तीनशे रुपये घेऊन गेली. आणि आण्णाने त्या दिवशीचा हिशोबही लिहिला. मुलगी घर सोडून गेली त्या रात्री, बायको आत रडतेय, आणि हा माणूस वही उघडून बसलाय. बायको ते बघते आणि त्यानंतर त्याच्याशी नीट बोलतच नाही. सुमन परत येते तेव्हा आई जाऊन वर्ष झालंय, वर्षश्राद्धाला आलीये.

ते वाक्य शोधा

आता खरं काम. टोकाचा स्वभाव कशावर तरी झाकण म्हणून बसलेला असतो. आण्णा एवढा हिशोब का करतो? मला माहीत आहे, माझ्या वहीत दोन पानं लिहिलेली आहेत, पण ती प्रेक्षकांना सांगायची नाहीत. लहानपणीचा फ्लॅशबॅक, बापावर चोरीचा आळ आलेला, पावसात उभा पोरगा, हे सगळं टाकायचा मोह होतो आणि मी तो प्रत्येक वेळी आवरते, कारण कारण कळलं की माणूस लहान होतो. आपल्याला फक्त एवढं शोधायचंय की हा स्वभाव असलेल्या माणसाला कुठलं वाक्य तोंडातून काढताच येणार नाही. हिशोब करणारा माणूस असं वाक्य बोलू शकत नाही ज्याची बेरीज होत नाही. "तू गेलीस आणि मी वाट बघत राहिलो" हे आण्णा मेला तरी बोलणार नाही.

हे वाक्य मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवते आणि मग सगळ्या स्क्रिप्टमध्ये त्यावर बंदी. ते वाक्य तर नाहीच, त्याच्या आसपासचे शब्द पण नाहीत, वाट, आठवण, एकटा, सगळे बाद. बंदी घातली की वाक्य दुसरीकडून बाहेर पडायला बघतं, हातातून, वस्तूतून, जेवणाच्या ताटातून. तुम्ही फक्त तिथे थांबून ते कुठून येतंय ते बघायचं.

सीन लिहिताना मी आधी मुद्दाम उघडा ड्राफ्ट लिहिते, सगळं मनातलं बोलून टाकलेला. लाज वाटायचं काही कारण नाही, तो ड्राफ्ट कोणाला दाखवायचा नसतो. आण्णा आणि सुमनचा तो असा होता:

आण्णा: चार वर्षं झाली. मी रोज वाट बघत होतो.
सुमन: मला माफ करा आण्णा. मला वाटलं तुम्ही मला विसरलात.
आण्णा: बाप कधी लेकीला विसरतो काय?

वाचून घ्या, यात चूक काही नाही, भावना खरी आहे. पण नटाने काय करायचं? सगळं वाक्यातच संपलंय, त्याच्या चेहऱ्याला काम उरलेलं नाही. आणि हे कुठलेही बाप लेक बोलू शकतात, इथे आण्णा कुठे आहे?

मग दुसरा ड्राफ्ट. दोघांच्या हातात काहीतरी काम द्यायचं, आणि बोलणं त्या कामाबद्दलच ठेवायचं. आण्णाला काय काम देणार, हिशोबच. मी विचार करत बसले की चार वर्षांत मुलीचा कुठला हिशोब राहिला असेल, आणि मग कॉलेजच्या लायब्ररीचं डिपॉझिट आठवलं, जे आपल्यातले निम्मे लोक कधी परत घ्यायला जातच नाहीत.

आण्णा: (वही उघडी. आतून एक पाकीट काढतात) हे तुझं.
सुमन: काय हे?
आण्णा: लायब्ररीचं डिपॉझिट. पाचशे. कॉलेजात पडून होतं.
सुमन: तुम्ही गेलता?
आण्णा: तीन खेपा. पयल्यांदा क्लार्क रजेवर. दुसऱ्यांदा म्हणला पावती आणा. सापडली, तुझ्या ट्रंकेत हुती.
(सुमन पैसे मोजते. त्यांच्याच पद्धतीने, नोटेचा कोपरा दुमडून.)
सुमन: पाचशेच हाईत.
आण्णा: मग पाचशेच भरलेलं.
सुमन: भाडं धरलं न्हाई तुम्ही. तीन खेपांचं.
(आण्णा वही मिटतात.)
आण्णा: चहा टाक जरा.

सीनचा गाभा एवढाच. बंदी घातलेलं वाक्य कुठेच नाही पण मला तरी ते पूर्ण सीनभर ऐकू येतं. ट्रंक उघडली म्हणजे तिच्या वस्तूंना हात लावला, तीन खेपा घातल्या, पाकीट करून ठेवलं आणि चार वर्षं त्या पैशाला हात लावला नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्या माणसाने सख्ख्या भाच्याचं अर्धं तिकीट सोडलं नाही त्याने भाडं सोडलं. हे सुमनला कळतं कारण ती त्याचीच मुलगी आहे, तिने मोजलं म्हणून कळलं.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, टोकाचा स्वभाव सगळ्या स्क्रिप्टभर घट्ट ठेवायचा तो एका जागी मोडण्यासाठी. एकदाच मोडायचा. आण्णाने आधीच्या दोन सीनमध्ये कुठे सुट्टे सोडले असते तर हे भाडं सोडणं कोणाच्या लक्षातच आलं नसतं. माझ्या एका ड्राफ्टमध्ये याच सीनमध्ये आणखी एक गोष्ट होती, सुमनला वहीत तिच्या जाण्याच्या तारखेला "सुमन, तीनशे, उसने" असं लिहिलेलं सापडायचं, चोरी नाही, उसने. मला तो शब्द अतिशय आवडला होता. पण एका सीनमध्ये दोन घाव घातले की दुसरा लागत नाही, म्हणून तो मी आधी नेला, आई जिवंत असतानाच्या सीनमध्ये, नवऱ्यावर रुसलेली आई एकटीच वही उघडते आणि तो शब्द वाचते आणि वही होती तशी ठेवते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि सबटेक्स्टमध्ये नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. प्रेक्षकाला खालचं माहीत असावं लागतं. सबटेक्स्ट म्हणजे कोडं नाही. सुमन पळून गेलेली, अर्ध्या तिकिटाचा किस्सा, वहीचा इतिहास हे सगळं प्रेक्षकाला आधी दिलेलं आहे म्हणून "चहा टाक जरा" ला वजन आहे. हेच तीन शब्द पहिल्या पानावर ठेवा, कोणाला काही वाटणार नाही, म्हातारा चहा मागतोय एवढंच. खूप शॉर्ट फिल्म्समध्ये दोन माणसं गप्प बसून खिडकीबाहेर बघत असतात आणि लिहिणाऱ्याला वाटतं केवढं खोल आहे, पण आपल्याला त्यांचं काहीच माहीत नसतं, मग ती शांतता रिकामी राहते. माहिती आधी द्या, उघडपणे द्या, भरपूर द्या. लपवायच्या आहेत फक्त भावना.

जो सगळंच बोलून टाकतो त्याचं काय

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, की माझं कॅरेक्टर तोंडाळ आहे, फटकळ आहे, मनात काही ठेवतच नाही, त्याला सबटेक्स्ट कुठून आणू. विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर वाचा, १९७२ चं नाटक. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणतो आणि आल्या आल्या सगळे नियम तोंडावर सांगतो, काय करायचं, काय खपवून घेणार नाही, पटलं नाही तर चालती हो, सगळं. मी ढोंगी नाही हाच त्याचा माज आहे. म्हणजे टोक कुठलं, तर उघडं बोलण्याचंच. आणि मग बघा, एवढं उघडं बोलणाऱ्याला काय बोलता येत नाही? मला कोणाची तरी गरज आहे, मला भीती वाटतेय, हे त्याच्या नियमात बसतच नाही. लक्ष्मी जाते, चंपा येते, आणि त्याचे नियम एकेक करून कोसळतात. फटकळ माणसाचा सबटेक्स्ट त्याच्या फटकळपणाच्याच मागे असतो, तो एवढ्या जोरात बोलतोय ते कशाचा आवाज येऊ नये म्हणून, असं विचारायचं. आणि त्याच नाटकात लक्ष्मी बघा, जिचं कोणी ऐकून घेत नाही ती मुंगळ्याशी बोलत बसते. ज्याला घरात माणूस नाही त्याला मुंगळा पुरतो, याच्यासाठी वेगळा डायलॉग लागला नाही.

टोकासमोर टोक ठेवायचं की साधा माणूस ठेवायचा हाही प्रश्न येतो. दोन्ही चालतं, फक्त समोरचा असा हवा की ज्याला नेमका हाच स्वभाव सहन होत नाही. जब्बार पटेलांचा १९७४ चा सिनेमा सामना बघा, तो पण तेंडुलकरांनीच लिहिलेला. हिंदुराव म्हणजे सत्ता, साखर कारखाना, अख्खं गाव मुठीत. समोर कोण, तर एक दारुडा मास्तर ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. हिंदुराव त्याला घरी आणून पाहुणचार करतो, आणि तो पाहुणचार हीच धमकी आहे हे दोघांनाही माहीत आहे. मास्तरकडे एकच प्रश्न आहे, मारुती कांबळेचं काय झालं, आणि तो तोच विचारत राहतो. सगळं विकत घेऊ शकणाऱ्यासमोर ज्याला विकत घेता येत नाही असा माणूस. अशी जोडी जमली की सीन आपोआप पेटतात, लेखकाला फुंकर मारावी लागत नाही.

आणि एक वेगळा प्रकार आहे त्यावर मी थोडं थांबणार आहे, कारण याबद्दल गाईडमध्ये कोणी फारसं लिहीत नाही. कधीकधी माणूस बोलत नाही ते त्याच्या स्वभावामुळे नाही, समाजाने त्याला बोलायची जागाच दिलेली नसते. नागराज मंजुळेंचा फँड्री, २०१३ चा सिनेमा. जब्याला शालू आवडते, तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, हे त्याचं टोक. पण त्याला काय बोलता येत नाही ते त्याची जात ठरवते. डुकरं पकडायच्या सीनमध्ये तो आडोसे शोधतो, शाळेतल्या मुलांना, शालूला दिसू नये म्हणून. आणि डुक्कर अगदी हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि जब्या आणि त्याच्या घरचे सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निघून जातं. त्या उभं राहण्यात किती काय आहे यावर पानंच्या पानं लिहिता येतील, आणि सिनेमात त्यावर एक शब्द नाही. तुम्ही अशा कॅरेक्टरवर लिहीत असाल तर कृपा करून त्याच्या गप्प राहण्याला "लाजाळू स्वभाव" असं लेबल लावू नका. आधी विचारा की हा इथे बोलला तर त्याचं काय होईल. उत्तर खरं असेल तर सीन खरा होईल.

मराठीतच पडलेला माल

सबटेक्स्ट म्हटलं की लोकांना वाटतं ही बाहेरून शिकायची गोष्ट आहे. लेकी बोले सुने लागे ही म्हण असलेल्या भाषेत आपण वाढलो! घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. वाईट शब्द तोंडातून काढायचाच नाही ही आपली रोजची सवय आहे, तिचा वापर करा.

तू आणि तुम्ही तर सोन्याची खाण आहे. रोज अरे तुरे करणारी आई एक दिवस मुलाला "आलात? बसा, ताट वाढते" म्हणाली की घरातल्या सगळ्यांना कळतं काय झालंय. नवऱ्याला चारचौघांत "अहो" आणि भांडणात एकदम "तू" म्हणणारी बायको, ऑफिसमधल्या ज्युनियरला वर्षभर "तू" म्हणणारा आणि तो बॉस झाल्यावर वाक्यातून सर्वनामच गाळायला लागलेला माणूस, "चहा घेणार का" एवढंच, ना तू ना तुम्ही. ही सर्वनाम गाळायची युक्ती मी फार वापरते, अडचणीत सापडलेला मराठी माणूस खरंच असं बोलतो. आणि जेवण. "जेवलास का" या एका प्रश्नात माफी, राग, काळजी, टोमणा सगळं बसतं, फक्त कोण कोणाला आणि किती वाजता विचारतंय ते बदला.

पण जपून. प्रत्येक वाक्य वाकडं केलं तर वाचणाऱ्याला धाप लागते. "गाडी किती वाजता आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा गाडी किती वाजता आहे एवढाच असू द्या. आणि सगळीच कॅरेक्टर्स टोकाची नकोत, एक किंवा दोन पुरे, बाकीच्यांनी जमिनीवर उभं राहायचं, नाहीतर टोक मोजायला पट्टी कुठून आणणार? आण्णाच्या घरात शेजारची मावशी आहे, ती अगदी साधी, गप्पा मारते, लोणचं देऊन जाते, तिच्यामुळेच आण्णा केवढा वेगळा आहे ते दिसतं.

लिहून झालं की दोन तपासण्या करा. सीन आवाज बंद करून डोक्यात चालवा, नुसत्या हालचालींवरून दोघांमध्ये काय चाललंय ते साधारण कळतंय का बघा. वही मिटणं, पाकीट, नोटेचा कोपरा दुमडणं, एवढं कळायला हवं. मग उलटं, भूमिका बदलून बघा, आण्णाची वाक्यं दुसऱ्या कुठल्या बापाच्या तोंडी जशीच्या तशी चालली तर ती आण्णाची नाहीत, परत लिहा.

आणि तिसरी तपासणी आपल्या हातात नसते, ती नट करतात, म्हणून स्क्रिप्ट फायनल करण्याआधी एकदा तरी मोठ्याने वाचून घ्या, शक्य असेल तर त्या भागातल्या माणसाकडून. आमच्या तालमीत सुमनचं काम करणारी मुलगी कोल्हापूरची होती. त्या सीनचा शेवट मी असा लिहिला होता की सुमन पिशवी उचलते, दाराशी थांबते आणि म्हणते, "येते आण्णा." मी पुण्याची, मी तसंच म्हणते. आता कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो, मी जातो" असं बोलतात हे मला माहीत होतं, पण सुमन चार वर्षं पुण्यात राहिलीये म्हणून तिची भाषा बदलली असणार असा माझा हिशोब, आणि सीनच्या सुरुवातीला दारातून आत येताना ती खरंच पुण्यासारखं बोलते, "आत येते हं". मधे आण्णाशी बोलताना तिची गावाकडची बोली परत येते, पण निरोप मी पुण्यासारखाच ठेवला होता. त्या मुलीने पहिले चार दिवस लिहिल्याप्रमाणे केलं. पाचव्या दिवशी चहाचे कप ठेवले, पाकीट पदराखालच्या पिशवीत घातलं, दारापर्यंत गेली, आणि मागे न बघता म्हणाली, "येतो आण्णा." आण्णाचं काम करणाऱ्या नटाने वही उघडली होती, त्याचं पान उलटायचंच राहिलं. मी स्क्रिप्टमधला तो काना मात्रा पेनाने बदलला.